कुलाबा ते रायगड : एका किनारी जिल्ह्याच्या जुन्या वस्तीविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रायगड जिल्ह्याचा इतिहास म्हटला की बहुतेकांच्या मनात आधी किल्ले येतात, आणि ते स्वाभाविकही आहे. परंतु हा प्रदेश वसला तो किल्ल्यांच्या कितीतरी आधी, खाड्यांच्या काठाने. समुद्रातून आलेल्या माणसांनी आणि समुद्राला बांध घालून थोपवून धरणाऱ्या माणसांनी तो वसवला. पुढील प्रश्नोत्तरांत भर त्यांच्यावर आहे. राजकीय घडामोडी आवश्यक तेवढ्याच दिल्या आहेत.

‘कुलाबा जिल्हा’ म्हणजे नेमका कोणता? मुंबईतला कुलाबा आणि हा कुलाबा एकच का?

एकच नव्हेत. मुंबईच्या दक्षिण टोकाचा कुलाबा हे पूर्वी एक स्वतंत्र बेट होते. जिल्ह्याला नाव मिळाले ते अलिबागच्या समुद्रातील कुलाबा किल्ल्यावरून. दोन्ही नावांचा संबंध कोळी समाजाशी जोडला जातो आणि दोन्ही ठिकाणची मूळ वस्ती पाहता ते पटण्यासारखे आहे. हा गोंधळ वाढवणारी आणखी एक गोष्ट आहे. मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील भूचुंबकीय नोंदी विजेच्या ट्राममुळे बिघडतील हे ओळखून ते काम 1904 मध्ये अलिबागला हलवण्यात आले, त्यामुळे शास्त्रीय लेखनात ‘कुलाबा-अलिबाग’ असा जोडउल्लेख आढळतो आणि वाचक दोन्ही ठिकाणे एकच समजतात. जिल्ह्याचे नाव 1 जानेवारी 1981 पासून ‘रायगड’ झाले. अलिबाग हे मुख्य ठिकाण मात्र कायम राहिले.

आजचा जिल्हा कसा जुळून आला?

तुकड्यातुकड्यांनी. आंग्रे घराण्याचे अलिबाग संस्थान 1840 मध्ये इंग्रजांनी खालसा केले, कारण गादीला औरस वारस उरला नव्हता आणि दत्तक घेण्याची मागणी मान्य झाली नाही. या मुलखाला इतर भाग जोडून 1869 मध्ये स्वतंत्र कुलाबा जिल्हा करण्यात आला. पनवेल 1883 मध्ये आणि कर्जत 1891 मध्ये ठाणे जिल्ह्यातून इकडे आले. मुरूड, श्रीवर्धन आणि म्हसळा हा भाग जंजिऱ्याच्या नबाबांकडे होता, तो 1948 मध्ये संस्थान विलीन झाल्यावर मिळाला. आज जिल्ह्यात 15 तालुके आहेत. पेणच्या माणसाला मुरूडचा आणि मुरूडच्या माणसाला कर्जतचा जुना इतिहास परका वाटतो, त्याचे कारण या जुळणीत आहे.

येथील सर्वांत जुन्या वस्तीचा पुरावा कोणता?

लेखी पुरावा दोन बाजूंनी मिळतो, आणि त्या दोन्ही बाजू एकमेकींना दुजोरा देतात. पहिली बाजू परदेशी आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात लाल समुद्रापासून भारतापर्यंतच्या व्यापाराची माहिती देणाऱ्या ग्रीक प्रवासग्रंथात आणि दुसऱ्या शतकातील टॉलेमीच्या भूगोलात ‘सेमिल्ला’ किंवा ‘सिमिल्ला’ या बंदराचा उल्लेख येतो. हे बंदर म्हणजे चौल, यावर बहुतेक अभ्यासकांचे एकमत आहे. मुंबईजवळच्या कान्हेरी लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ येथील रहिवाशांनी दिलेल्या दानांची नोंद आहे, त्यामुळे हे नाव देशी कागदावर नसले तरी देशी दगडावर आहे.

दुसरी बाजू जिल्ह्यातल्याच लेण्यांची आहे. राजपुरी खाडीच्या आतल्या टोकाजवळ कुडे येथे 26 बौद्ध लेणी आहेत, महाडजवळ सावित्री आणि गांधारी नद्यांच्या परिसरात गांधारपाले आणि कोल येथे आणखी लेणी आहेत. कुडे येथील लेखांत ‘महाभोज’ ही पदवी लावणाऱ्या मांदव घराण्याचा उल्लेख येतो. त्याहून मोलाची गोष्ट अशी की तेथील दात्यांमध्ये माळी, लोहार, वैद्य आणि व्यापारी यांची घरे आहेत आणि दान देणाऱ्या स्त्रियांची संख्या लक्षणीय आहे. फुले विकणारा माणूस डोंगरात लेणे कोरण्यासाठी दान देऊ शकतो, याचा अर्थ जवळ फुले विकत घेणारे गाव होते, देवाणघेवाणीचा बाजार होता आणि त्या बाजाराला माल पुरवणारी खाडी होती. लेणी पाहायला जाणारे बहुतेक जण स्तूप आणि शिल्पे पाहून परततात. खाली उतरून खाडीकडे एकदा पाहिले, तर ही लेणी तिथेच का आहेत हे वेगळे सांगावे लागत नाही.

घारापुरीची लेणीही याच जिल्ह्यात, उरण तालुक्यात येतात. ती 1987 पासून जागतिक वारसा यादीत आहेत. चालुक्य राजा दुसरा पुलकेशी याने कोकणच्या मौर्यांची समुद्राकाठची ‘पुरी’ ही नगरी नौकांच्या ताफ्यानिशी जिंकल्याचे वर्णन 634 च्या ऐहोळे शिलालेखात आहे. ही पुरी म्हणजे घारापुरी की अन्य स्थळ, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत.

चौलला एवढे महत्त्व का दिले जाते?

कारण दीड हजार वर्षांहून अधिक काळ जिवंत राहिलेले दुसरे बंदर या किनाऱ्यावर क्वचितच सापडते. कुंडलिका नदीच्या मुखाशी असलेल्या या खाडीत जहाजांना वाऱ्यापासून आडोसा मिळे, आणि घाटावरचा माल नदीच्या खोऱ्याने खाली उतरे. सोपारा, कल्याण, ठाणे यांचे दिवस वरखाली होत राहिले, पण चौल टिकले.

अरब लेखकांनी त्याला ‘सैमूर’ म्हटले आहे. प्रवासी अल्-मसूदी हिजरी सन 304 मध्ये, म्हणजे इसवी सन 916 च्या सुमारास येथे आला होता. तेव्हा या भागावर शिलाहार राजा झंझ याची सत्ता होती. शहरात सुमारे 10,000 मुसलमान राहत असून त्यांत सिराफ, ओमान, बसरा आणि बगदाद येथून येऊन घरे करून राहिलेले लोक तसेच त्यांची येथेच जन्मलेली संतती होती, असे तो सांगतो. त्यांच्या आपसातील वादांचा निवाडा करण्यासाठी त्यांच्यातलाच एक प्रमुख नेमलेला असे आणि त्याला राजाची मान्यता असे. म्हणजे दहाव्या शतकात या किनाऱ्यावर परदेशी व्यापाऱ्यांची वस्ती कायमची होती आणि तिच्या कारभाराची रीत ठरलेली होती. रशियन व्यापारी अफानासी निकितिन हाही 1469 च्या सुमारास भारतात उतरला तो चौललाच.

पोर्तुगीज आल्यावर बंदराचे रूप बदलले. 1508 मध्ये चौलजवळच्या समुद्रात इजिप्त आणि गुजरात यांच्या संयुक्त आरमाराने पोर्तुगीजांचा पराभव केला. त्यात पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द आल्मेदा मारला गेला. तरीही पोर्तुगीजांनी 1516 मध्ये वखार उघडली आणि 1521 मध्ये निजामशाहाच्या परवानगीने किल्ला बांधायला घेतला. निजामशाहीने 1570-71 मध्ये घातलेला मोठा वेढा त्यांनी परतवला. 1594 मध्ये त्यांनी खाडीपलीकडचा कोर्लईचा डोंगरही घेतला.

चौल आणि रेवदंडा ही दोन वेगळी गावे आहेत का?

आज दोन ग्रामवस्त्या आहेत, इतिहासात मात्र एकाच शहराचे दोन भाग आहेत. ‘वरचे चौल’ निजामशाहीच्या ताब्यात होते आणि तेथे देशी बाजारपेठ, मंदिरे आणि मशिदी होत्या. खाडीच्या मुखाशी, तटबंदीच्या आत वसलेले ‘खालचे चौल’ पोर्तुगीजांचे होते, तेच आजचे रेवदंडा. आज रेवदंड्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळींच्या वाड्या आहेत आणि त्या वाड्यांमध्ये चर्चच्या भिंती उभ्या आहेत.

मुंबईचे बंदर वाढत गेले आणि पोर्तुगीजांचा व्यापार आटत गेला, तसे चौल मागे पडले. मराठ्यांशी झालेल्या तहानुसार 1740 मध्ये पोर्तुगीजांनी ते सोडले. पण त्यांच्यामागे एक आश्चर्य राहिले. कोर्लई गावातील ख्रिस्ती वस्तीत पोर्तुगीज आणि मराठी यांच्या मिश्रणातून घडलेली एक भाषा आजही घरात बोलली जाते. तिचे भाषक तिला ‘नौ लिंग’, म्हणजे ‘आपली भाषा’, असे म्हणतात. भाषकांची संख्या हजाराच्या आसपास आहे. राज्यकर्ते गेल्यानंतर पावणेतीनशे वर्षांहून अधिक काळ, चारी बाजूंनी मराठी असताना, एका गावाने आपली बोली सांभाळली. कोर्लईचा किल्ला पाहायला येणाऱ्यांपैकी फारच थोड्यांना पायथ्याच्या या ठेव्याची माहिती असते, याची खंत वाटते.

बेने इस्रायल लोक येथे कधी आणि कसे आले?

बेने इस्रायल म्हणजे कोकणातला जुना यहुदी समाज. त्यांच्या परंपरेनुसार त्यांच्या पूर्वजांचे जहाज अलिबागच्या उत्तरेस नवगावजवळ फुटले, सात पुरुष आणि सात स्त्रिया वाचल्या आणि त्यांच्यापासून समाज वाढला. बुडालेल्यांना जेथे पुरले ती जागा नवगावला दाखवली जाते आणि तेथे स्मारक उभारलेले आहे. परंपरा ही घटना इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातली मानते. संशोधकांची मते मात्र याहून बरीच अलीकडच्या काळापर्यंत पसरलेली आहेत. वर्षाचा निकाल लागला नाही, तरी हा समाज या किनाऱ्यावर शतकानुशतके होता आणि तो येथलाच झाला, यात शंका नाही.

धर्मग्रंथ हाताशी नसताना त्यांनी सुंता, शनिवारची विश्रांती आणि आहाराचे नियम पाळले. तेल गाळण्याचा व्यवसाय करणारे हे लोक शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून शेजारी त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणू लागले. डेव्हिड राहाबी नावाच्या यहुदी पुरुषाने त्यांची ओळख पटवली, अशी परंपरा आहे. त्याने स्त्रियांपुढे निरनिराळे मासे ठेवले आणि त्यांनी खवले व पर असलेले मासे तेवढे वेगळे काढले, तेव्हा त्याची खात्री झाली, असे सांगतात. गोष्ट किती जुनी आणि कितपत घडलेली हे सोडून देऊ, पण धर्माची परीक्षा कोळणीच्या पाटीतल्या मासळीवरून व्हावी, हे कोकणातच सुचू शकते.

आडनावे तर या किनाऱ्याचा नकाशाच आहेत. किहीमचे किहीमकर, नवगावचे नवगावकर, पेणचे पेणकर, दिव्याचे दिवेकर. नवस फेडताना पोहे, गूळ, ओले खोबरे आणि फळे यांचा ‘मलिदा’ एलियाहू हन्नाबी या संदेष्ट्याच्या नावाने करतात. अलिबागजवळच्या खंडाळे गावातील एका खडकावरील खुणा त्याच्या रथाच्या आहेत, अशी श्रद्धा आहे. अलिबागचे मागेन अबोथ हे सिनेगॉग, म्हणजे यहुदी प्रार्थनास्थळ, 1848 मधले आहे. बहुतेक कुटुंबे आधी मुंबईस आणि 1948 नंतर इस्रायलला गेली. तेथेही त्यांनी मराठी टिकवली आणि ‘मायबोली’ नावाचे मराठी नियतकालिक चालवले.

आक्षीचा शिलालेख मराठीतील सर्वांत जुना आहे का?

अनेक अभ्यासक तसे मानतात, परंतु हे विधान सावधपणे करावे लागते. अलिबागच्या दक्षिणेस लागून असलेल्या आक्षी गावातील या गद्धेगाळीवर, म्हणजे दान मोडणाऱ्याला गाढवाच्या चित्राने शाप देणाऱ्या दगडावर, शिलाहार राजा केसिदेव याचा ‘पश्चिम समुद्राचा अधिपती’ आणि ‘कोंकण चक्रवर्ती’ अशा अर्थाच्या पदव्यांसह उल्लेख आहे. त्यावरील शक 934 असा वाचला तर लेख इसवी सन 1012 चा ठरतो आणि श्रवणबेळगोळच्या प्रसिद्ध मराठी ओळींच्याही आधी जातो. काहींनी मात्र तो शक 1132 असा वाचून लेख तेराव्या शतकात ठेवला आहे. श्रीवर्धन तालुक्यातील दिवेआगर येथे सापडलेला शके 982 चा, म्हणजे 1060 चा ताम्रपट याच संदर्भात महत्त्वाचा आहे. एवढे निश्चित म्हणता येते की मराठी भाषा राजकीय दस्तऐवजात उतरू लागल्याच्या पहिल्या खुणांपैकी दोन याच किनाऱ्यावर आहेत.

खाडीकाठची भातशेती आणि खार जमीन कोणी तयार केली?

हा प्रश्न सर्वांत कमी विचारला जातो आणि सर्वांत अधिक विचारला जायला हवा. पेण, अलिबाग, पनवेल आणि उरण भागातील खाडीलगतची सपाट शेते निसर्गाने दिलेली नाहीत. भरतीचे पाणी जिथे दररोज येऊन जात असे, तेथे आगरी आणि इतर शेतकऱ्यांनी चिखलाचे आणि दगडाचे बांध घालून ती जमीन समुद्राकडून मिळवली. बांधाच्या बाहेर तिवरांची झाडी राखली जाई, कारण लाटेचा पहिला मार ती घेते. बांधात जागोजागी ‘उघाडी’ असे, म्हणजे ओहोटीला आतले पावसाचे पाणी बाहेर सोडणारी आणि भरतीला बाहेरचे खारे पाणी अडवणारी झडप. बांध घातला म्हणजे लगेच पीक येत नसे. काही पावसाळ्यांनी मातीतले मीठ धुऊन जाई, आधी गवत उगवे, मग खाऱ्या मातीत तग धरणारे राता भात घेतले जाई. मोड आणलेले बी, म्हणजे रहू, चिखलावर फेकून पेरणी करत. गोड्या जमिनीतल्यासारखी रोपांची लावणी या शेतात होत नसे.

मोठ्या खर्चाची ही कामे अठराव्या शतकात विशेष झाली. राज्यकर्ते कौल, म्हणजे सवलतीचे हमीपत्र, देत, पहिली काही वर्षे सारा माफ असे आणि पुढे इस्ताव्याने, म्हणजे पायरीपायरीने, तो वाढवला जाई. ज्यांनी भांडवल घालून बाहेरचा बांध उभारला आणि तो राखण्याची हमी घेतली, त्यांना ‘शिलोत्रीदार’ म्हणत. बांधाच्या दुरुस्तीसाठी त्यांना बिघ्यामागे ठराविक धान्य मिळे. आतले लहान बांध गावकरी स्वतः सांभाळत. उधाणाला बांध फुटला, म्हणजे ‘खांड गेली’, की घरटी माणूस धावून जाई, कारण एका रात्रीत आत आलेले खारे पाणी पुढची दोन-तीन वर्षे पीक होऊ देत नसे. देशी राजवट गेल्यावर शिलोत्रीची ही व्यवस्था ढिली पडत गेली. स्वातंत्र्यानंतर 1948 मध्ये आणि पुढे 1979 मध्ये खार जमिनींसाठी कायदे करून सरकारने जबाबदारी घेतली, तरी आजही मोठ्या उधाणानंतर खांड गेल्याच्या बातम्या पेण-अलिबागकडून येतातच.

भाषेतली एक गोष्ट येथे नोंदवावीशी वाटते. मीठ पिकवण्याची जागा ते ‘आगर’ आणि नारळी-पोफळीची बाग तेही ‘आगर’. आगरी हे समाजाचे नाव मिठागरावरून आले, तर अलिबाग परिसराला ‘अष्टागर’ म्हणतात ते बागायतीवरून. आवास, सासवणे, किहीम, थळ, अलिबाग, आक्षी, नागाव, चौल, रेवदंडा या गावांतून ती आठ मोजली जातात आणि नेमकी आठ कोणती, हे गावागणिक थोडे बदलते.

अलिबाग हे नाव कसे पडले?

अली नावाच्या एका श्रीमंत गृहस्थाने येथे विहिरी खोदून बागा लावल्या, म्हणून ‘अलीची बाग’. तो मुसलमान होता असे एक परंपरा सांगते, बेने इस्रायल होता असे दुसरी सांगते. शहर म्हणून अलिबाग वाढले ते आंग्र्यांच्या काळात. त्याआधी जवळचे रामनाथ हे गाव जुने मानले जाते.

आंग्रे आणि सिद्दी यांचा येथील वस्तीवर काय परिणाम झाला?

शिवाजी महाराजांनी 1679 मध्ये मुंबई बंदराच्या तोंडाशी असलेले खांदेरी बेट घेऊन तेथे तटबंदी सुरू केली. इंग्रजांनी विरोध केला तरी ती टिकली, आणि लगेच शेजारचे उंदेरी बेट जंजिऱ्याच्या सिद्दीने बळकावले. कुलाबा किल्ल्याचे काम 1680 च्या सुमारास सुरू होऊन संभाजी महाराजांच्या काळात पूर्ण झाले. कान्होजी आंग्रे यांनी, म्हणजे मराठ्यांच्या सरखेलांनी (आरमारप्रमुखांनी), कुलाबा हे आपल्या आरमाराचे केंद्र केले. 1721 मध्ये इंग्रज आणि पोर्तुगीज यांनी मिळून केलेला हल्लाही त्यांना हलवू शकला नाही. कान्होजी 1729 मध्ये निवर्तले. त्यांची समाधी अलिबाग शहरात आहे. आरमार म्हणजे केवळ लढणारे लोक नव्हेत. गलबते बांधणारे सुतार, दोर वळणारे, शिडे शिवणारे, भंडारी आणि कोळी खलाशी अशी सारी वस्ती त्याच्याभोवती उभी राहिली, आणि अलिबागचा बाजार हा तिचाच परिणाम आहे.

दक्षिणेकडे जंजिऱ्याच्या सिद्दींची सत्ता होती. मूळ आफ्रिकेतून आलेल्या या सरदारांनी निजामशाहीच्या काळात पाय रोवले. किल्ला घेण्यासाठी संभाजी महाराजांनी 1682 मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत दगडांचा सेतू टाकायला घेतला होता. मराठ्यांना तो किल्ला कधीच मिळाला नाही. या संघर्षाची झळ दोन्ही सीमांवरच्या गावांना बसे. श्रीवर्धनच्या देशमुखीतले भट घराणे सिद्दीच्या जाचामुळे देशावर गेले, आणि त्यातूनच बाळाजी विश्वनाथ पुढे पेशवे झाले.

रायगड किल्ला डोंगरात आहे. त्याचा किनाऱ्याशी काय संबंध?

संबंध रस्त्याचा आहे. इंग्रजांचा वकील हेन्री ऑक्झिंडेन 1674 मध्ये राज्याभिषेकासाठी निघाला तो मुंबईहून समुद्रमार्गे चौलला, तेथून खाडीने रोह्याजवळच्या अष्टमीकडे आणि मग जमिनीवरून रायगडी गेला. राजधानीला लागणारा माल सावित्री आणि कुंडलिका या नद्यांच्या खाड्यांतून आत येई, महाडची पेठ त्यावरच वाढली. नागोठण्याजवळ निजामशाही काळातला दगडी पूल आहे, त्याची कथाही चौलच्या व्यापाराशीच जोडलेली आहे.

कसणाऱ्यांना या जमिनीचा हक्क मिळाला का?

फार उशिरा. खोती पद्धतीत पिकाचा मोठा वाटा खोताकडे, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या वतनदाराकडे, जाई. अलिबाग तालुक्यातील चरी आणि आसपासच्या गावांतील शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली 1933 पासून 1939 पर्यंत जमिनी कसण्यास नकार दिला. सलग सहा वर्षे शेते पडीक ठेवून लोक जंगलातील लाकूड आणि खाडीतील मासळी यांवर जगले. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी संपकऱ्यांना पाठिंबा दिला आणि खोती रद्द करण्याचे विधेयक मुंबई विधिमंडळात मांडले. ज्या लोकांच्या पूर्वजांनी समुद्र हटवून शेते केली, त्यांनीच ती ओसाड ठेवली, हे लक्षात घेतले म्हणजे या संपाची किंमत कळते. महाडच्या चवदार तळ्याचा 1927 चा सत्याग्रहही याच जिल्ह्यातला, पण तो स्वतंत्र लेखनाचा विषय आहे.

हा इतिहास प्रत्यक्ष पाहायचा असल्यास सुरुवात कोठून करावी?

चौलपासून. रामेश्वर मंदिर, हिंगलाज देवीच्या डोंगरातील लेणी आणि रेवदंड्याचा तट एका दिवसात होतात. खाडीवरचा पूल ओलांडला की कोर्लई येते. दुसऱ्या दिवशी आक्षीचा शिलालेख, नवगावचे स्मारक आणि अलिबागचे सिनेगॉग पाहावे. खांदेरी आणि रायगड हे दोन्ही किल्ले 2025 मध्ये मराठ्यांच्या लष्करी स्थळांसह जागतिक वारसा यादीत आले आहेत. खांदेरीला जाण्यासाठी थळच्या किनाऱ्यावरून होडी घ्यावी लागते. कुलाबा किल्ल्यात ओहोटीला चालत जाता येते, परंतु निघण्यापूर्वी किनाऱ्यावरच्या कोळ्यांना भरतीची वेळ अवश्य विचारावी, तिथी सांगितली की पाणी केव्हा चढेल हे ते अचूक सांगतात. पेणहून अलिबागकडे येताना धरमतरच्या पुढे गाडी थोडी थांबवून रस्त्याच्या कडेचा एखादा खारबांध आणि त्यातली उघाडी पाहिली, तर तिकीट न काढता पाहता येणारे या जिल्ह्यातले एक अत्यंत जुने काम पाहिल्यासारखे होईल.